मांडव उठेपर्यंत

सिंधुबाईंच्या घरी सगळे येऊन बसले होते. राकेश आला नव्हता.

त्यांच्या यजमानांचं पुण्यानुमोदन होतं. घरातलं माणूस गेल्यावर काही दिवसांनी वंदना होते, गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलले जातात, मग जेवण असतं. टेबलावर पांढरं कापड घातलं होतं. बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, शेजारी काकांचा हार घातलेला फोटो. मेणबत्त्या पेटवायच्या बाकी होत्या. वंदना घ्यायला बौद्धाचार्य लागतो, आणि आमच्या कॉलनीचा बौद्धाचार्य म्हणजे राकेश दोंदे.

"फोन उचलत नाहीये," कोणीतरी म्हणालं.

विहार समितीचे अध्यक्ष यादवबाबा पुढेच बसले होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"तू त्याच्या वरच राहतोस ना? जा, घेऊन ये त्याला."

मी राकेशचा भाडेकरू. त्याच्या घरावरच्या खोलीत राहतो. गेलो तर त्याची बायको, चैतालीवहिनी, दारातच उभी होती.

"बघा तुमच्याच्यानं उठतात का," ती म्हणाली. "मी थकले."

राकेश पलंगावर आडवा होता. झोपलेला नव्हता. इस्त्री केलेला पांढरा शर्ट समोर खुंटीला लटकत होता आणि तो शर्टाकडे बघत होता.

"दादा, लोक थांबलेत."

"माहितीये."

"मग चला की."

"उठतोय."

तो उठला नाही. मी उभाच. बाहेर कुकरची शिट्टी झाली.

"हात उचलत नाहीये," तो म्हणाला.

मी घाबरलो. आमच्या गावी, देवळ्याला, एका मामांना असाच लकवा मारला होता. मी म्हणालो, बोटं हलवून दाखवा. त्यानं हलवली. मूठ वळली, उघडली.

"तसं नाही रे. चालतोय हात. पण जड झालाय. ओल्या वाळूची गोणी बांधल्यासारखा. पायपण तसेच."

मी परत गेलो आणि बरं नाही त्यांना, एवढंच सांगितलं. यादवबाबांनी स्वतः वंदना घेतली. त्यांचं वय झालंय. मधेच एक ओळ विसरले. बायकांनी ती उचलून धरली आणि पुढे नेली. सिंधुबाई फोटोकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर लग्न होतं. राकेश स्वतःच्या गाडीवर वेळेआधी हजर. तोच पांढरा शर्ट. केस नीट विंचरलेले. माइक हातात घेतला आणि त्याचा आवाज सगळ्या खुर्च्यांवरून मागच्या जेवणाच्या टेबलांपर्यंत गेला. प्रतिज्ञा म्हणताना नवरा मुलगा अडखळला, तर राकेश म्हणाला, "नवरदेव, पाठ नसेल तर हरकत नाही, माझ्यामागून म्हणा. पाळायची मात्र तुमची तुम्हाला. तिथे मी नसणार." सगळा मांडव हसला. नवरीसुद्धा हसली.

त्या मांडवात सिंधुबाईंची पुतणी होती.

संध्याकाळपर्यंत कॉलनीत एक वाक्य फिरायला लागलं. लग्नाला उभा राहतो, मयताला आडवा होतो.

*

राकेशची माझी ओळख खोलीमुळे झाली. मी मराठी घेऊन एम. ए. केलं आणि गंगापूर रोडवरच्या एका क्लासमध्ये शिकवायला लागलो. सातपूरकडच्या या कॉलनीत खोली आहे असं कळलं, म्हणून गेलो. त्यानं विचारलं, काय शिकलात. मी सांगितलं. तो गंभीर झाला.

"अरेरे. घरच्यांना माहितीये?"

मग गाव विचारलं. देवळा म्हटल्यावर, तिकडे कांदाच पिकतो म्हणून, त्यानं मला कांदेवाले हे नाव दिलं. ते कॉलनीभर झालं.

तो माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठा. वडील गावाहून सातपूरच्या कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. तो स्वतः एका छोट्या कंपनीत स्टोअरकीपर. नटबोल्ट, बेअरिंगं, ऑइलचे डबे. वडील गेल्यानंतर तो शिबिराला गेला, बौद्धाचार्य झाला. लग्न, नामकरण, घरप्रवेश, अंत्यविधी, सगळं रविवारी किंवा सुट्टी टाकून. यात मिळत काही नाही. मान मिळतो. लोक दिसले की जय भीम घालतात, पोरं वाकतात, म्हातारी माणसं खुर्ची सरकवतात. स्टोअरमध्ये त्याला कोणी खुर्ची सरकवत नव्हतं.

मी रविवारी विहारात मागे जाऊन बसायचो. पाली मला कळत नाही. आवाजासाठी जायचो.

मागच्या हिवाळ्यात कधीतरी तो बदलायला लागला. नक्की कधी, ते चैतालीवहिनीलाही सांगता येत नाही. कारण दिसत होतं ते चांगलंच दिसत होतं. तो जाड झाला. गाल भरले, शर्टाची बटणं ताणली गेली. "राकेशनं अंग धरलंय," बायका म्हणायच्या. "चैताली, काय खाऊ घालतेस गं? संसार मानवला बाई याला." वहिनी हसायची.

ती काही खाऊ घालत नव्हती. तो स्वतःच खायचा. कामावरून येताना बेकरीतून खारी आणायचा, आणि बूट न काढता पलंगाच्या कडेला बसून पुडा संपवायचा. मग भात. मग आरोहीच्या, त्यांच्या मुलीच्या, डब्यातली बिस्किटं. भूक होती म्हणून खात नव्हता, असं तो नंतर म्हणाला. खाताना थोडा वेळ बरं वाटायचं.

आणि झोप. रात्री जेवून लगेच झोपायचा, सकाळी त्याला उठवत नव्हतं, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत पडून असायचा. उठला तरी झोप झाली नाही असं म्हणायचा. कॉलनीत याचंही कोणाला वाईट वाटलं नाही. कारखान्यातली माणसं सुट्टीला झोपतातच.

मी वाचलेल्या पुस्तकांमधली दुःखी माणसं झिजत जातात. त्यांना घास उतरत नाही, डोळा लागत नाही. ती खिडकीशी बसतात. राकेश खारी खाऊन घोरत होता.

एक गोष्ट मात्र तेव्हाही विचित्र वाटली होती. एका नामकरणात तो जरा लांबला. यादवबाबा हळूच म्हणाले, "आवरतं घे पोरा, जेवणं थांबलीत." एवढंच. तेही प्रेमानं. राकेशनं आवरलं, आणि न जेवताच घरी आला. पुढचे कित्येक दिवस तो कामावर गेला नाही. मी खाली गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"बाबांना मी नको झालोय," तो म्हणाला.

"अहो, जेवण गार होत होतं म्हणून म्हणाले ते."

"तुला नाही कळणार कांदेवाले. आवाज वेगळा होता त्यांचा."

मग त्याच आठवड्यात यादवबाबांचाच फोन आला, नातवाचं लग्न तूच लावायचंस. तो उठला, दाढी केली, आरोहीला खांद्यावर घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. वहिनीनं मला खिडकीतून हाक मारून सांगितलं, "आले बाई ताळ्यावर!" लग्न झालं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पलंगावर.

*

पुण्यानुमोदनानंतर वहिनीनं त्याला डॉक्टरकडे नेलं. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी रक्त तपासलं. थायरॉइड ठीक, साखर ठीक. "चाला रोज," ते म्हणाले. "खाणं कमी करा." जाता जाता एक म्हणाले ते बरं झालं. एकदा मानसोपचारवाल्यांना दाखवून घ्या, म्हणाले.

तिथे वहिनीनं मलाही नेलं. एकटीला धीर होत नव्हता. बाकावर बसलेल्या माणसांमध्ये कोणी ओळखीचं नाही ना, हे तिनं आधी बघून घेतलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. राकेश एकेका शब्दात उत्तरं देत होता. वहिनीला राहवेना.

"मॅडम, खरं सांगू का? लग्नात असले की यांना काही होत नाही. हसतात, दुसऱ्यांना हसवतात. घरी आले की असे. मला कळत नाही, आजार आहे की..." ती थांबली. "लोक म्हणतात सोंग आहे."

बाईंनी राकेशकडे पाहिलं.

"चांगलं काही घडलं की बरं वाटतं?"

"वाटतं."

"खरंच बरं वाटतं? की तसं दाखवता?"

"खरंच वाटतं."

"किती वेळ टिकतं?"

त्यानं विचार केला. "मांडव उठेपर्यंत."

बाईंनी काही लिहिलं नाही. पेन खाली ठेवलं.

"मरावंसं वाटतं का कधी?"

वहिनीचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. तो घट्ट झाला.

"मरायचं नाहीये," राकेश म्हणाला. "उठायचं नाहीये."

मग बाई वहिनीशी बोलल्या. सावकाश, लहान मुलाला समजावतात तसं नाही, पण सावकाश. हे डिप्रेशनच आहे. याला अटिपिकल म्हणतात, याचा चेहरा नेहमीचा नसतो. झोप उडण्याऐवजी वाढते, भूक मरण्याऐवजी वाढते. हातपाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात. कोणी साधं बोललं तरी टाकून दिल्यासारखं लागतं, आणि ते लागणं दिवसचे दिवस उतरत नाही. आणि काही चांगलं झालं की मन वर येतं. थोडा वेळ.

"म्हणून तर लोकांना पटत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही ज्याला सोंग म्हणताय ना, ते याचं लक्षण आहे. लग्नात हसतात, यावरूनच मला ओळखायला मदत झाली."

वहिनी रडायला लागली. राकेश तिच्याकडे बघत होता. त्याचा चेहरा पहिल्यांदाच मला मोकळा दिसला. कोणीतरी त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

गोळ्या सुरू झाल्या. लगेच फरक पडणार नाही, आठवडे लागतील, मधेच सोडू नका, बोलायला येत राहा, असं बजावलं होतं. येताना रिक्षात राकेश म्हणाला, "म्हणजे मी आळशी नाहीये."

*

समितीची बैठक रविवारी वंदनेनंतर ठेवली होती. विषय एकच. राकेशला ठेवायचं की दुसरा बौद्धाचार्य बघायचा. निवृत्ती म्हणून एक जण शेजारच्या कॉलनीत होता. आवाज बारीक, पण माणूस वेळेवर येणारा.

वहिनीनं ठरवलं, सगळ्यांसमोर सांगायचं. आजार आहे म्हणायचं. लाजायचं नाही. राकेशला ते चालणार होतं. त्याला फक्त एवढंच हवं होतं की ते काम जाऊ नये. "ते गेलं ना," तो मला म्हणाला, "तर मग मला उठायला काही कारणच नाही रे."

तो गेला नसता तर पुन्हा तेच झालं असतं, आला नाही. म्हणून जायलाच हवं होतं. पण गेला तर काय होईल, हे वहिनीला माझ्या आधी कळलं. त्या सकाळी ती त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. मी दारात होतो.

"अहो, एक ऐकाल?"

"बोल."

"आज हसू नका हं."

त्यानं मान हलवली.

"मागे बसा. कोणी काही म्हटलं तरी बोलू नका. मी बोलेन."

"बरं."

विहारात शिरताच पोरांनी त्याला घेरलं. कोणी पायाला हात लावला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आला का आमचा माइक!" राकेश हसला. वहिनीनं मान खाली घातली. तो मागे बसायला निघाला, तर यादवबाबांनीच हात केला.

"ये, पुढे ये. वंदना घे. ते बाकीचं नंतर."

ते चांगल्या मनानं म्हणाले असावेत.

राकेश पुढे गेला. मेणबत्ती पेटवली. सुरुवातीला आवाज घोगरा होता. मग सगळ्यांचा आवाज त्याच्या आवाजात मिसळला आणि तो चढत गेला. पाठ ताठ झाली. खांदे मागे गेले. मी इतकी वर्षं ज्या आवाजासाठी तिथे जात होतो, तो हाच होता, आणि तो थांबावा असं मला वाटत होतं. शेजारी वहिनी ओठांवर पदर धरून बसली होती. आरोही मात्र खुशीत होती. तिचे पप्पा पुढे होते.

वंदना झाली. चटया न उचलता सगळे तसेच बसले.

"हां," यादवबाबा म्हणाले. "आता सांग पोरा. काय होतंय तुला?"

वहिनी उभी राहिली. तिनं सांगितलं. सगळं सांगितलं. डॉक्टरांचं नाव, आजाराचं नाव, गोळ्या. आवाज कापत होता, पण थांबली नाही.

मग मागून एक जण म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. पण आत्ता आमच्या डोळ्यांसमोर वंदना घेतली त्यानं."

"तेच सांगतेय मी. हा आजारच तसा—"

"असा कसा आजार? मांडवात बरा, मयताला आजारी? त्याला काय कॅलेंडर कळतं?"

दोघं-चौघं हसली. राकेशही हसला. मला वाटतं तो लाजेनं हसला, सवयीनं हसला. आणि हसता हसता म्हणाला, "कळत असतं तर सुट्टीच्या दिवशी नसता आला ना. बरोबर ओव्हरटाइमच्या दिवशी आला असता."

आता सगळेच हसले. हॉल हलका झाला. यादवबाबासुद्धा हसले. वहिनी मटकन खाली बसली.

सिंधुबाई हसल्या नव्हत्या. बायकांच्या रांगेत त्या कडेला होत्या.

"छान बोलतोस राकेश," त्या म्हणाल्या. "माझ्या माणसाबद्दलही दोन शब्द छान बोलला असतास. तो सारखा म्हणायचा, माझं राकेशनंच करायचं."

राकेशचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. ते काढायचं कसं हे त्याला समजत नसावं.

"काकू, मी..."

"असू दे बाबा. तुझं बरं चाललंय, मी बघितलं."

यादवबाबांनी घसा खाकरला. "राकेश, माझ्या मनात तुझ्याबद्दल काही वाकडं नाही. पण उद्या एखाद्याच्या दारात मयत असेल. त्या घरचे कोणाची वाट बघणार? तुझी बघणार, आणि तू येशील की नाही, हे तुलाही सांगता येत नाही. येतं का?"

"नाही," राकेश म्हणाला.

"मग निवृत्तीला सांगू या. लग्नांचंही आणि बाकीचंही. लग्नं तुला, मयतं त्याला, असं नको. ते बरं दिसत नाही."

त्यांचं चुकत नव्हतं. मी बसल्या जागी शोधत होतो, काय चुकतंय. कोणाचंच सापडेना.

"बरोबर आहे बाबा," राकेश म्हणाला. तो अजून हसत होता. उठून त्यानं माइकची वायर गुंडाळली, नेहमीसारखी, कोपरात घेऊन, आणि यादवबाबांच्या हातात दिली. निघताना त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि शेजारच्याला म्हणाले, "बघ, किती समजूतदार पोरगं आहे. ठणठणीत आहे. डॉक्टर लोक उगाच घाबरवतात."

*

विहारापासून घर जवळ आहे. अर्ध्या वाटेत त्याची पावलं बदलली. आधी आरोहीचा हात सुटला. मग तो मागे पडायला लागला. फाटकापाशी पोचल्यावर तो फाटक धरून थांबला. वहिनीनं कुलूप काढलं, परत आली, त्याच्या काखेत हात घातला. मी दुसऱ्या बाजूनं धरलं. त्याला तसं धरायची गरज नव्हती. पडत नव्हता तो. तरी आम्ही धरलं.

पलंगावर बसल्यावर वहिनीनं त्याच्या शर्टाची बटणं काढली. बाहीतून हात काढताना तो उचलून द्यावा लागला. आधी एक, मग दुसरा. तो आडवा झाला आणि भिंतीकडे वळला.

"पप्पा छान म्हणाले ना आज?" आरोहीनं मला विचारलं.

मी हो म्हणालो.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. तो शर्टाच्या खिशात होता. वाजत राहिला. राकेशनं ऐकला असावा. पाठ हलली नाही. शेवटी वहिनीनं काढून कानाला लावला. पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलत होता, मलाही ऐकू येत होतं. मुलीच्या लग्नाची तारीख धरली होती त्यांनी. बौद्धाचार्य हेच हवेत म्हणत होते.

"ते आता लग्नं लावत नाहीत," वहिनी म्हणाली.

"का हो?"

मला वाटलं, काहीतरी थाप मारेल. बाहेरगावी गेलेत, असं.

"आजारी आहेत."

"अहो, काय सांगता! मागच्या आठवड्यात तर बघितलं मी त्यांना गंगापूर रोडला. काय बोलत होते, काय हसवत होते. चांगले होते की."

वहिनीनं पलंगाकडे पाहिलं. चादरीखाली त्याचा श्वास जड चालला होता. झोप लागली होती त्याला, भर दुपारी, पायात चपला तशाच.

"हो," ती म्हणाली. "चांगलेच होते. आजारीच होते तेव्हाही."

पलीकडच्याला ते समजलं नसावं. तो हॅलो, हॅलो करत राहिला. वहिनीनं फोन ठेवला आणि त्याच्या पायातल्या चपला काढायला वाकली.